एव्हांगेलियन : मालिकेतल्या टाळ्या आणि चित्रपटातला लाल समुद्र

प्रश्न थोडक्यात असा. ‘निऑन जेनेसिस एव्हांगेलियन’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचे चोवीस भाग बघून झाले. पंचविसाव्यात अचानक अंधार, एक घडीची खुर्ची आणि प्रश्नोत्तरं सुरू होतात. सव्विसाव्यात सगळी पात्रं शिंजी या किशोरवयीन नायकाभोवती उभी राहून टाळ्या वाजवतात, ‘अभिनंदन’ म्हणतात आणि मालिका संपते. त्यानंतर १९९७चा ‘द एंड ऑफ एव्हांगेलियन’ हा चित्रपट बघावा तर तिथे रक्त, लाल समुद्र आणि शेवटी एक तुसडं वाक्य. खरा शेवट कुठला? चित्रपटाने मालिकेचा शेवट खोडून टाकला का? आणि दोन्ही बघायचे तर कोणत्या क्रमाने?

आधी उत्तर, मग कारणं. खोडून टाकलेला नाही. पण ‘मालिका म्हणजे शिंजीच्या डोक्याच्या आत, चित्रपट म्हणजे डोक्याबाहेर, घटना एकच’ असं जे सर्रास सांगितलं जातं तेही पूर्ण खरं नाही. बराच भाग एकावर एक बसतो, पण ऐन निर्णयापाशी कड सुटते. मालिकेतला शिंजी स्वतःला मान्य करतो. चित्रपटातला शिंजी दुसऱ्याला मान्य करतो, तेही तो दुसरा आपल्याला दुखावणार हे ठाऊक असताना. दोन्ही शेवटांतला फरक रक्ताचा किंवा बजेटचा नाही, तो इथे आहे. पुढे सगळी गोष्ट उघड केलेली आहे, त्यामुळे ज्यांनी अजून बघितलेलं नाही त्यांनी फक्त शेवटचे तीन परिच्छेद वाचावेत.

मालिका टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात दाखवली गेली. निर्मिती गायनॅक्स या स्टुडिओची, दिग्दर्शन हिदेआकी आन्नोचं. ‘पैसे संपले म्हणून शेवट तसा केला’ हे वाक्य इतक्या वेळा फिरलंय की ते आता कुणी तपासतही नाही. संपला होता तो वेळ. साप्ताहिक प्रसारणाच्या शेवटच्या टप्प्यात कामाचं वेळापत्रक कोसळलं होतं आणि पंचविसाव्या भागासाठी आधी ठरलेली घटनाप्रधान कथा तेवढ्या आठवड्यांत चित्रित होणं शक्य नव्हतं. तीच कथा पुढे चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात आली. म्हणूनच चित्रपट स्वतःला एक सलग चित्रपट म्हणवत नाही. त्याचे दोन तुकडे आहेत आणि त्यांना पुन्हा ‘भाग २५’ आणि ‘भाग २६’ असेच क्रमांक दिलेले आहेत. पहिल्याचं दिग्दर्शन काझुया त्सुरुमाकीचं, दुसऱ्याचं खुद्द आन्नोचं.

वेळेची तंगी पडद्यावर दिसते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेवटच्या दोन भागांत आधीच्या भागांतली चित्रं पुन्हा वापरली आहेत, स्थिर छायाचित्रं आहेत, काळ्या पाटीवरचा पांढरा मजकूर आहे, मार्करने ओढलेली रेखाटनं आहेत, पटकथेची पानंसुद्धा आहेत. पण ‘तंगी होती म्हणून असं केलं’ इथेच थांबलं तर मालिका नीट बघितली नाही असं म्हणावं लागेल. हिला स्थिर चित्र वापरायची सवय आधीपासूनच आहे. बाविसाव्या भागात लिफ्टमध्ये आसुका आणि रेई, म्हणजे शिंजीसारख्याच ‘एव्हा’ नावाची मानवाकृती महाकाय लढाऊ यंत्रं चालवणाऱ्या दोन मुली, उभ्या आहेत, जवळजवळ मिनिटभर काहीही हलत नाही. चोविसाव्यात शिंजीच्या एव्हा-०१च्या मुठीत त्याचा नवा मित्र कावोरू आहे, मागे बीथोवेनची नववी सिंफनी आणि तसंच एक न हलणारं चित्र. मनातल्या मनात चाललेली उलटतपासणीही नवी नाही. सोळाव्या भागात शिंजी रिकाम्या लोकलच्या डब्यात स्वतःच्याच समोर बसून बोलतो. आन्नोने शेवटी नवीन भाषा शोधली नाही. आधी चमचा-चमचा दिलेली भाषा त्याने शेवटी ताटभर वाढली.

आता सव्विसाव्या भागातला एकच तुकडा जवळून बघू, कारण ‘काहीतरी तत्त्वज्ञान चाललंय’ म्हणून बहुतेक लोक तो पुढे ढकलतात. पडदा पूर्ण पांढरा. त्यावर शिंजी, नुसत्या पेन्सिलच्या रेषांत, तरंगतोय. त्याला सांगितलं जातं की हे पूर्ण स्वातंत्र्याचं जग आहे, इथे तुला कसलंच बंधन नाही. त्याला सुचतच नाही काय करावं. मग, तुला थोडं पारतंत्र्य देऊ, असं म्हणून त्याच्या पायाखाली एक आडवी रेषा ओढली जाते. जमीन तयार झाली. आता वर आणि खाली आलं. त्याचं एक स्वातंत्र्य गेलं, कारण आता त्याला जमिनीवर उभं राहावं लागणार. पण त्याच रेषेमुळे त्याला चालताही येतं आणि जरा हायसंही वाटतं. पुढे हाच धागा माणसांपर्यंत जातो. दुसरा माणूस म्हणजेही अशीच एक रेषा. ती असते म्हणून आपला आकार कुठे संपतो हे कळतं. कागदावरच्या एका रेघेत एवढं सगळं सांगितलंय, आणि ज्याच्याकडे वेळ आणि माणसं कमी आहेत त्यालाच इतकं नेमकं सुचू शकतं.

यानंतर येतो शाळेचा प्रसंग. तोंडात टोस्ट धरून धावणारी रेई, कटकटी पण मायाळू शेजारीण आसुका, आणि शिंजीला घरी ठेवून घेणारी त्याची वरिष्ठ मिसातो इथे शिक्षिका. बघणारे हसतात, पण काम गंभीर आहे. आत्ताची परिस्थिती म्हणजे अनेक शक्यतांपैकी फक्त एक, हे शिंजीला दाखवायचंय. मग ‘मी इथे असलो तरी चालेल’ हे वाक्य येतं, भोवतालचं कवच फुटतं, सगळे गोल उभे राहतात आणि टाळ्या वाजतात. शेवटी तीन ओळींचा मजकूर : वडिलांना धन्यवाद, आईला निरोप आणि सगळ्या मुलांना अभिनंदन.

या ‘अभिनंदन’वर थोडं थांबायला हवं. जपानी शब्द आहे ‘ओमेदेतो’. मराठीत अभिनंदन कानावर पडलं की बक्षीस समारंभ डोळ्यांपुढे येतो, दहावीचा निकाल, नारळ आणि शाल. ‘ओमेदेतो’ वाढदिवसालाही म्हणतात, मूल झाल्यावरही, नवीन वर्षालाही. त्यामुळे जपानी कानाला ते टाळ्यांचं दृश्य सत्कारासारखं नाही, जन्मासारखं ऐकू येतं. आईला निरोप आणि मुलांना ओमेदेतो या दोन ओळी लागोपाठ का आहेत, ते मग कळतं. नाळ कापली गेली.

तसाच दुसरा शब्द ‘होकान’. ज्या योजनेने जगाचा अंत होतो तिचं जपानी नाव ‘जिनरुइ होकान केइकाकु’. होकान म्हणजे उणीव भरून काढून पूर्ण करणं. इंग्रजी भाषांतरात त्याला ‘इन्स्ट्रुमेंटॅलिटी’ हा विज्ञानकथांमधून उचललेला भारदस्त शब्द दिला गेला आणि तिथेच अर्धे प्रेक्षक वाट चुकले, कारण त्या शब्दातून उणिवेचा वासही येत नाही. मराठीत आपल्याला ‘पूरक’ आहे, ‘परिपूर्ती’ आहे. मानवजात परिपूर्ती योजना असं म्हटलं की योजना काय आहे ते आपोआप समजतं. प्रत्येक माणसाच्या मनात काहीतरी कमी आहे, म्हणून सगळ्यांच्या भिंती पाडून सगळ्यांना एकमेकांत ओतायचं, म्हणजे कुणातच कमी उरणार नाही. या भिंतीचं नाव एटी फील्ड. ती भिंत म्हणजे प्रत्येकाच्या मनाची भिंत, हे कावोरू चोविसाव्या भागात सरळ सांगून टाकतो.

सव्विसाव्या भागाच्या सुरुवातीची पाटी लक्ष देऊन वाचा. साल २०१६, लोकांच्या हरवलेल्या गोष्टीची म्हणजे मनाची परिपूर्ती चालू आहे, पण ती सगळी नोंदवायला आता वेळ फारच कमी आहे, म्हणून शिंजी इकारी नावाच्या एका मुलाच्या मनापुरतंच सांगतो, असा तिचा आशय आहे. वेळ कमी असल्याची कबुली कथेच्याच तोंडून दिलीय. आणि बाहेर काहीतरी मोठं चाललंय हेही मान्य केलंय. शिवाय या दोन भागांत क्षणभर दिसणारी काही चित्रं आहेत : रक्ताच्या थारोळ्यात पडलेली मिसातो, द्रवात तरंगणारी शास्त्रज्ञ रित्सुको, पाण्याखाली बुडवून ठेवलेल्या एव्हा-०२मध्ये अंग आकसून बसलेली आसुका. चित्रपटात या तिन्ही गोष्टी घडताना दिसतात. म्हणजे बाहेरची घटना मालिका करतानाच डोक्यात होती, चित्रपटासाठी मागाहून रचलेली नाही. ‘आत-बाहेर’ सिद्धांताचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच, आणि तो खोटा नाही.

चित्रपट बघण्याआधी मात्र मागे जाऊन विसावा भाग पुन्हा बघावा. त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही, पण गोष्टीची किल्ली तिथे आहे. एकोणिसाव्या भागात शिंजीचं एव्हाशी जुळण्याचं प्रमाण ४०० टक्क्यांवर जातं आणि त्याचं शरीर एलसीएल या द्रवात विरघळून जातं. विसाव्या भागात सुमारे महिनाभर तो असा बिनआकाराचा आहे. त्याला बाहेर काढायची तांत्रिक खटपट फसते, आणि मग तो आपला आपण परत येतो. विरघळणं, आईच्या (ती एव्हा-०१च्या आतच आहे) उबेत राहण्याचा मोह, आणि तरीही परत येणं : चित्रपटाचा दुसरा भाग एका मुलाऐवजी सगळ्या मानवजातीला घेऊन हेच करतो. चित्रपटाचा शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटत असेल तर हा भाग घाईत बघितला गेलाय असं समजावं.

चित्रपट १९ जुलै १९९७ला आला, लांबी ८७ मिनिटं. त्याआधी १५ मार्चला ‘डेथ अँड रीबर्थ’ आला होता. त्यातला ‘डेथ’ म्हणजे मालिकेचा उलटसुलट क्रमाने केलेला सारांश आणि ‘रीबर्थ’ म्हणजे पुढच्या चित्रपटाची सुरुवातीची सुमारे अर्ध्या तासाची गोष्ट, ऐन मोक्याला तोडलेली. आज ‘रीबर्थ’ बघायची काही गरज नाही, तोच मजकूर पूर्ण चित्रपटात आहे.

पहिला अर्धा भाग चोविसाव्या भागाला थेट जोडून सुरू होतो. कावोरूला मारून सुन्न झालेला शिंजी दवाखान्यात बेशुद्ध आसुकाच्या खोलीत जातो आणि तिथे जे करतो ते बघून बरेच जण चित्रपट बंद करतात. त्या प्रसंगातलं शेवटचं वाक्य, ‘मी अगदी नीच आहे’, भाषांतरात एक गोष्ट गमावतं. शिंजी एरवी स्वतःसाठी ‘बोकु’ हे मवाळ, मुलांच्या तोंडचं सर्वनाम वापरतो. इथे तो ‘ओरे’ म्हणतो, रांगड्या पुरुषाचं ‘मी’. आपल्याकडे ‘मी’ला एकच रूप असल्यामुळे हा धक्का आपल्यापर्यंत पोचत नाही. आन्नो पहिल्या काही मिनिटांतच सांगतोय की नायकाची बाजू घ्यायची सोय मी तुम्हाला ठेवणार नाही.

पुढे लष्कर नर्व्हच्या, म्हणजे एव्हा सांभाळणाऱ्या संस्थेच्या, मुख्यालयात घुसून दिसेल त्याला गोळ्या घालतं. मिसातो शिंजीला ओढत लिफ्टपर्यंत नेते आणि मरते. आसुकाला पाण्याखाली आपली आई एव्हाच्या आत आहे हे उमगतं, ती उठते आणि नऊ एव्हांशी एकटी लढते. वीजपुरवठ्याची केबल तुटलेली, आतल्या बॅटरीवर काही मिनिटं शिल्लक, मागे बाखचं शांत ‘एअर’. लढाईचं चित्रण म्हणून त्या काळच्या हाताने रंगवलेल्या ॲनिमेशनमध्ये याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. पण तुलनेच्या दृष्टीने या भागाचं मोल वेगळं आहे. मालिकेच्या शेवटी आसुका टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक आहे. इथे ती तिच्या स्वतःच्या कारणाने लढते, स्वतःच्या कारणाने हरते, आणि त्या वेळी शिंजी दुसरीकडे गुडघ्यांत डोकं घालून बसलेला आहे. तो तिला मदत करत नाही. शेवटच्या प्रसंगाचं देणं इथे चढतं.

दुसरा अर्धा भाग, चित्रपटातला ‘भाग २६’, म्हणजे मालिकेच्या सव्विसाव्याचा खरा जोडीदार. इथेही लोकलचा डबा आहे, लहान मुलांनी काढल्यासारखी चित्रं आहेत, काही वेळ चक्क जिवंत माणसांचं चित्रीकरण आहे : चित्रपटगृह, त्यात बसलेले प्रेक्षक, रस्ते, आणि झरझर सरकणारे प्रेक्षकांचे संदेश, ज्यात शिव्याही आहेत. यावरून ‘आन्नोने चाहत्यांवर सूड उगवला’ अशी एक कथा पसरली. तसं बघितलं तर प्रसंग फार लहान होतो. त्या जागी विषय चाललाय तो स्वप्न आणि वास्तव यांचा, आणि दुसऱ्याच्या स्वप्नात लपून बसलेल्या प्रेक्षकाला त्याची खुर्ची दाखवली आहे. मालिकेतही एक खुर्ची होती, शिंजी बसलेली. चित्रपटात खुर्च्या प्रेक्षकांच्या आहेत.

भिंती कोसळतात तो क्षण चित्रपटाने कसा घडवलाय ते बघा. प्रत्येकाला, विरघळण्याआधी, ज्याची ओढ आहे ते माणूस दिसतं. नर्व्हमधली माणसंच घ्या. ह्युगाला मिसातो दिसते. फुयुत्सुकीला शिंजीची आई युई दिसते. आओबाला कुणीच नाही, त्याच्या टेबलाभोवती रेईच्या आकृत्या गोळा होतात आणि तो भीतीने ओरडत संपतो. मायाला रित्सुको दिसते, ती मागून येऊन तिच्या हातांवर हात ठेवते आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ‘मला तू हवी आहेस’ अशी इंग्रजी अक्षरं उमटलेली असतात. मालिकेत परिपूर्ती म्हणजे चर्चा होती. इथे ती मोह आहे, आणि मोह गोड आहे. ‘कोम, झ्यूसर टोट’ (‘ये, गोड मृत्यू’) हे गाणं याच ठिकाणी का, ते यावरून समजतं. चाल आनंदी, ताल धरायला लावणारी, आणि शब्द सगळं संपवून टाकण्याचे.

ते गाणं सुरू होतं मात्र एका स्वयंपाकघरात. मिसातोच्या घरातलं नेहमीचं टेबल, खुर्च्या, कॉफीचं भांडं. शिंजी आसुकाला गयावया करतोय : मला मदत कर, माझ्याजवळ राहा, मला एकटं टाकू नकोस. ती त्याला स्वच्छ सांगते की तुला मीच हवी असं काही नाही, कुणीही चालेल. तू माझ्याकडे येतोस ते इतरांची भीती वाटते म्हणून. भांडं पडतं, गरम कॉफी फरशीवर पसरते. तो टेबल उलटवतो, खुर्ची भिरकावतो. ती एकच शब्द म्हणते : नाही. तो तिचा गळा धरतो. आणि इथे गाणं सुरू होतं. जगाच्या अंताला कारण काय, तर स्वयंपाकघरातला एक नकार. मालिकेच्या सव्विसाव्या भागात कुणीही शिंजीला ‘नाही’ म्हणत नाही. समजावतात, चुका दाखवतात, पण ठाम नकार कुणाचाच नाही.

मालिकेच्या शेवटाची उणीव नेमकी हीच. त्यातलं तत्त्व बरोबर आहे : दुसरा माणूस म्हणजे आपल्या पायाखालची रेषा. पण ते तत्त्व शिंजीला सांगणारे सगळे जण त्याच्याच मनातले आहेत. टाळ्यांच्या वर्तुळात आसुकाच्या चेहऱ्यावर आसुकाचं काहीच नाही. दुसऱ्याचं महत्त्व पटवलं गेलं, दुसरं कुणीही हजर नसताना. चित्रपट हा हिशेब पुरा करतो. विरघळलेल्या समुद्रात रेई शिंजीला विचारते, आणि तो ठरवतो की हे बरोबर नाही, लोक पुन्हा मला दुखावतील तरी मला त्यांना भेटायचंय. ज्याला स्वतःचा आकार आठवतो तो परत येऊ शकतो, हेही तिथे सांगितलं जातं. म्हणजे परतीची दारं सगळ्यांना उघडी आहेत. ‘शेवटी पृथ्वीवर दोघंच उरतात’ ही समजूत हे संवाद न ऐकल्यामुळे होते. दोघं उरत नाहीत, दोघं सगळ्यांत आधी परत आलेली असतात.

‘आत-बाहेर’ची कड इथे सुटते ती अशी. मालिकेत परत यायचं की नाही हा प्रश्नच विचारलेला नाही. टाळ्या परिपूर्तीच्या आतच वाजतात. त्या बघून हा मुलगा विलीन अवस्थेत सुखी झाला असंही म्हणता येतं, बाहेर पडायला तयार झाला असंही म्हणता येतं. चित्रपट मधला संदिग्ध तुकडा काढून टाकतो. शिवाय चित्रपटातला शिंजी आधी ‘सगळे मरून जा’ म्हणतो आणि मग निर्णय फिरवतो, तर मालिकेतला तो टप्पा गाठतच नाही. मी दोन्ही शेवट मानतो, पण एकमेकांच्या आत बसवून नाही. मालिकेच्या शेवटाला चित्रपटाची गरज आहे, चित्रपटाला मालिकेच्या शेवटाची थोडी कमी. पण जमिनीची ती रेषा डोळ्यांपुढे नसेल तर चित्रपटातला निर्णय नुसता हट्ट वाटतो.

शेवटचा प्रसंग. लाल समुद्र, पांढरी वाळू, मिसातोची क्रूसाची माळ एका खांबाला खिळलेली. शेजारी आसुका, डाव्या डोळ्यावर आणि उजव्या हातावर पट्टी. लढाईत डावा डोळा आणि उजवा हातच गेला होता, म्हणजे ही कल्पनेतली नाही, तीच आहे. शिंजी पुन्हा तिचा गळा आवळू लागतो. स्वयंपाकघरात केलं तेच, पण आता खरी व्यक्ती समोर आहे. ती प्रतिकार करत नाही, हात उचलून त्याच्या गालावरून फिरवते. तो सोडून देतो आणि रडू लागतो. मग ती म्हणते : ‘किमोची वारुइ’.

आवाज देणारी युको मियामुरा हिने नंतर सांगितल्याप्रमाणे संहितेत आधी वेगळं वाक्य होतं, ‘तुझ्या हातून मरायचं? मुळीच नाही’ अशा अर्थाचं. ते मनासारखं होईना, तेव्हा आन्नोने तिला एक किळसवाणा प्रसंग कल्पून तू स्वतः काय म्हणशील असं विचारलं, आणि हे उत्तर आलं. इंग्रजीत त्याचं ‘किळसवाणं’ झालं आणि ते शिंजीवर फेकलेल्या शिवीसारखं ऐकू येतं. मूळ शब्दांत ‘भावना वाईट’ एवढंच आहे. मळमळणं, किळस, अंगावर काटा येणं, सगळं त्यात मावतं, आणि ते त्याच्याबद्दल आहे की तिच्या स्वतःच्या अवस्थेबद्दल हे उघडं राहतं. मराठीत आपल्याकडे तयार वाक्य आहे : ‘कसंतरी होतंय’. बोलणाऱ्याला मळमळतंय की समोरच्याची शिसारी आलीय, हे जसं त्यात ठरत नाही तसंच मुळात. आणि हो, ज्याचं शरीर नुकतंच पुन्हा तयार झालंय त्यालाच कसंतरी होऊ शकतं. विलीन समुद्रात कुणालाच काही होत नव्हतं.

अशीच गोची चोविसाव्या भागातल्या कावोरूच्या ‘सुकी’ या शब्दाची. जुन्या इंग्रजी आवृत्तीत ‘प्रेम आहे’ होतं, २०१९च्या नेटफ्लिक्स आवृत्तीत ‘आवडतोस’ झालं, आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. मराठीतलं ‘तू मला आवडतोस’ दोन्ही अर्थ पोटात घेऊन निवांत बसतं. म्हणून शक्य असेल तर जपानी आवाज ठेवा आणि या दोन जागी तरी मनातल्या मनात मराठी करून बघा.

याच गोष्टीची योशियुकी सादामोतोची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४च्या अखेरीस सुरू झाली आणि २०१३मध्ये संपली. तिचा शेवट तिसराच : बर्फाचा प्रदेश, गर्दीची आगगाडी, एकमेकांना न ओळखणारी दोघं. हळुवार आहे, पण या वादात त्याने काही बदलत नाही. २००७पासूनची चार चित्रपटांची नवी मालिका मात्र बदलते. तिचा शेवटचा चित्रपट ८ मार्च २०२१ला आला, आणि त्यात आन्नोने दोन्ही जुने शेवट हाताशी घेतले. शिंजी पुन्हा त्याच लाल समुद्राच्या काठावर आसुकाला भेटतो आणि इतकी वर्षं अडलेलं बोलणं बोलून टाकतो. पुढे समुद्रकिनाऱ्यावरच चित्राचे रंग गळतात, नुसत्या पेन्सिलच्या रेषा उरतात, अगदी सव्विसाव्या भागासारख्या. मग रंग परत येतात. शेवटच्या दृश्यातलं रेल्वे स्थानक उबे-शिनकावा आहे, आन्नोच्या स्वतःच्या गावचं.

आता क्रम. एक ते चोवीस सलग बघा. एकवीस ते चोवीस या भागांची वाढीव आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, कारण चित्रपटाकडे नेणारे काही तुकडे त्यात नंतर घातलेले आहेत. मग पंचवीस आणि सव्वीस एकाच बैठकीत. त्याच रात्री चित्रपट लावू नका. बहुतेकांची चूक हीच होते. टाळ्यांचा राग ताजा असतो, चित्रपटातल्या धडाक्याने तो शमतो आणि ‘चला, खरा शेवट मिळाला’ म्हणून २५-२६ कायमचे विसरले जातात. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मधे विसावा भाग पुन्हा बघा, मग चित्रपट. उलट चूक म्हणजे चोविसाव्यावरून थेट चित्रपटावर उडी. कथा समजते, पण शिंजी परत का येतो ते अर्धवट कळतं.

तुलना लिहून करायची असेल तर पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे मालिकेतल्या वेळा, उजवीकडे चित्रपटातल्या. नोंदी फक्त चारच गोष्टींच्या ठेवा : खुर्ची, लोकलचा डबा, रेखाटनं, आणि कोण कुणाला नकार देतं. चौथ्या ओळीत डावीकडची जागा रिकामी राहील.

चित्रपट साधारण मध्यावर आला की श्रेयनामावली सुरू होते, नावं डीएनएच्या पिळासारखी गिरक्या घेत वर जातात. संपलं समजून बंद करू नका. ॲप आपोआप पुढचं काही लावायला लागलं तर रद्द करा, अजून अर्धा चित्रपट बाकी आहे. खऱ्या शेवटी नावं येत नाहीत. आसुकाचं वाक्य होतं, समाप्तीचा फलक येतो आणि पडदा काळा होतो. फाईल अपुरी उतरलेली नाही, चित्रपट तिथेच संपतो.